विषय : खड्डा तातडीने बुजविणेबाबत

शाळेचं ते पत्रक हेडक्लार्कांच्या हाती पडलं, तिथेच सगळा घोटाळा झाला. तेच त्यांच्या बायकोच्या हाती पडलं असतं तर तिने ते फ्रिजवर चिकटवलं असतं आणि सुट्टी संपल्यावर काढून टाकलं असतं. पण बायको नर्स, सकाळची पाळी, सहालाच घराबाहेर. त्यामुळे त्यांच्या मुलीच्या, भिंगरीच्या दप्तरातून पत्रक निघालं ते थेट अशा माणसापुढे, ज्याने पाणीखात्याच्या आवक-जावक विभागात बावीस वर्षं पत्रकांखेरीज दुसरं काही वाचलंच नव्हतं.

पत्रकात बालवर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं, 'हिवाळी सुट्टी, माझ्या पाल्याच्या नजरेतून. पालकांनी सुट्टीचे दहा दिवस पाल्याच्या नजरेने अनुभवावेत व रोज एक नोंद करावी. उत्कृष्ट नोंदवही शाळेत सर्वांसमोर वाचून दाखवली जाईल.'

हेडक्लार्कांनी ते तीनदा वाचलं आणि 'वाचून दाखवली जाईल' या शब्दांखाली लाल रेघ मारली. आता बघा, या माणसाने आयुष्यात किती लिहिलं असेल? टिपणं, शेरे, स्मरणपत्रं, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं. पण त्यातलं काही कोणी मोठ्याने वाचल्याचं त्यांना आठवेना. कोणी मनातल्या मनात तरी वाचलं असेल याचीही खात्री नव्हती. ते उठले, कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि पट्टी घेऊन रकाने आखायला बसले. दिनांक, वेळ, स्थळ, पाल्याने काय पाहिले, पालकाचा शेरा.

संध्याकाळी बायकोने वही चाळली. "यात भिंगरी कुठे आहे?"

"चौथ्या रकान्यात."

"अहो, तिला काय दिसतं ते लिहायचंय. तुम्हाला काय दाखवायचंय ते नाही."

"तेच ते," हेडक्लार्क म्हणाले. बायकोने वही परत दिली. दिवसभर वॉर्डात ती ज्यांच्याशी बोलायची तेही असेच असायचे, नाकात नळी असताना डॉक्टरला शिकवणारे.

रजेचंही सरळ झालं नाही. कारणाच्या रकान्यात हेडक्लार्कांनी प्रामाणिकपणे 'पाल्याच्या नजरेसंबंधी' असं लिहिलं, तर आस्थापना विभागाने अर्ज परत पाठवला, सोबत नेत्रतज्ज्ञाचा दाखला जोडा म्हणून. दुसऱ्यांदा 'कौटुंबिक' लिहिलं तर कुटुंबातला कोण, किती आजारी, असं विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी 'पोटदुखी' असं एकच धादांत खोटं लिहिलं आणि रजा अर्ध्या तासात मंजूर झाली. दहा दिवस! कार्यक्रमपत्रिका तयारच होती. पहिल्या दिवशी बागेत दवबिंदू, तिसऱ्या दिवशी टेकडीवरचं धुकं, पाचव्या दिवशी तळ्यावर आलेले पाहुणे पक्षी. हिवाळा म्हणून जे काही असतं ते सगळं भिंगरीला दाखवायचं, आणि तिने ते पाहायचं. साधी गोष्ट होती.

फक्त एक राहिलं होतं. इमारतीच्या फाटकासमोरचा खड्डा.

या खड्ड्याबद्दल सांगायलाच हवं, कारण हेडक्लार्कांना तो विषय काढलेला अजिबात खपत नसे. सात महिन्यांपूर्वी, भर उन्हाळ्यात, पाणीखात्याची माणसं आली, गळती शोधायला म्हणून पुरुषभर खोल खणलं, चार पिंपं उभी केली, त्यांना लाल फडकं गुंडाळलं आणि निघून गेली. पाणीखातं म्हणे, बुजवणं हे रस्तेखात्याचं काम. रस्तेखातं म्हणे, गळती थांबल्याशिवाय आम्ही बुजवायचं कसं? दोघांचंही बरोबर होतं. खड्डा तिथेच राहिला आणि सगळ्या इमारतीने तो हेडक्लार्कांच्या नावावर चढवला.

"काय हेडक्लार्क, तुमचा खड्डा काय म्हणतोय?" तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज विचारायचे. वर सल्ला असायचाच. "वरच्या साहेबाला गाठा. आमच्या वेळी एक तार केली की काम व्हायचं." तार बंद होऊन किती वर्षं झाली हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू गिऱ्हाइकांना पत्ता सांगायच्या, "हेडक्लार्कांच्या खड्ड्यावरून डावीकडे वळा." आणि सेक्रेटरींनी तर फळ्यावर चक्क सूचना लावली होती की इमारतीत राहणाऱ्या पाणीखात्यातील कर्मचाऱ्यांनी या प्रश्नात वैयक्तिक लक्ष घालावे. कर्मचाऱ्यांनी! इमारतीत पाणीखात्यातला माणूस एकच होता, आणि त्याचा खड्ड्यांशी संबंध एवढाच, की खड्ड्यांविषयीच्या पत्रांवर तो तारखेचा शिक्का मारायचा. पण हे ऐकून कोण घेतो?

तर पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला हेडक्लार्क आणि भिंगरी दवबिंदूंसाठी निघाले. भिंगरीने स्वेटर, त्यावर स्वेटर, कानटोपी असं सगळं चढवलं होतं. त्यातून तिचं नाक तेवढं बाहेर होतं. फाटकाबाहेर पडताच ती खड्ड्यापाशी गेली आणि दोन पिंपांच्या मधे उकिडवी बसली.

"भिंगरे, चल. दव वाळेल."

"बाबा, बघ ना. तो श्वास सोडतोय."

"कोण?"

"खालचा." तिने तोंड उघडून हाऽऽ केलं. थंडीत तोंडातून वाफ निघाली. "माझ्यासारखाच. थंडी आहे ना, म्हणून तो खाली जाऊन झोपलाय. बाईंनी सांगितलंय, थंडीत काही काही जण जमिनीत जाऊन झोपतात."

"बेडूक असेल."

"बेडकाचा एवढा मोठा श्वास असतो का?"

"मग कोण आहे?"

"ते तो उठल्यावर कळेल ना," भिंगरी म्हणाली. बापाला एवढंही समजत नाही याची तिला कीव आली असावी. "थंडी संपली की उठणार आहे. तोपर्यंत त्याला कोणी उठवायचं नाही. बाबा, खाली बस. वरून नाही दिसत."

खाली बसायला हेडक्लार्कांची हरकत नव्हती. हरकत होती ती पोस्टमास्तरांच्या खिडकीची. पाणीखात्यातला माणूस आपल्याच खात्याच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसलेला दिसला, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी काय केलं, एका हाताने भिंगरीची टोपी धरली, दुसऱ्या हाताने पेपर तोंडासमोर धरला आणि खड्ड्याकडे पाठ करून उभे राहिले. चाळीस मिनिटं. पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या. मग ते बागेत पोहोचले तेव्हा बाग दुरुस्तीसाठी बंद होती, आणि रखवालदार म्हणाला, दव आत आहे, पण आत सोडता येणार नाही.

त्या दिवसाची नोंद अशी होती. 'वेळ : सकाळी ७.३५ ते ८.१५. स्थळ : खड्डा. पाल्याने काय पाहिले : खड्डा. शेरा : कल्पनाशक्ती समाधानकारक. बाग बंद.'

दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी मात्र हेडक्लार्कांनी तिला कडेवर उचलून खड्ड्यावरून पार नेलं आणि टेकडीच्या बसमध्ये बसवलं. दोन तासांचा वळणावळणाचा रस्ता. पहिल्याच तासात भिंगरीला मळमळायला लागलं आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून हेडक्लार्कांची नवी लोकरी टोपी कामी आली. वर पोहोचले तर धुकं होतं. इतकं होतं, की धुक्याखेरीज काहीच नव्हतं. हेडक्लार्क खूश! त्यांनी कठड्याशी उभं राहून, तिचा हात घट्ट धरून, समोर दरी कशी असेल, नदी कुठून वाहत असेल, ढग आणि धुकं यांत फरक काय, हे दहा मिनिटं शांतपणे समजावून सांगितलं. आपली मुलगी इतकं मन लावून ऐकते हे पाहून त्यांना भरून आलं. एवढ्यात धुक्यातून एक बाई धावत आल्या आणि किंचाळल्या, "अहो, माझ्या मुलीला कुठे नेताय?"

त्यानंतर जे झालं ते हेडक्लार्कांनी वहीत लिहिलं नाही. माफी मागून झाली, चार लोकांना ओळखपत्र दाखवून झालं, आणि स्वतःची मुलगी चहाच्या टपरीमागे सापडली. ती गटाराच्या जाळीपाशी उकिडवी बसली होती.

"बाबा, इथे काही मजा नाही," ती म्हणाली. "इथे सगळा श्वास बाहेरच आहे. कोणाचा आहे तेच कळत नाही. घरी चल ना."

घरी, म्हणजे खड्ड्यापाशी. काय करणार? पक्ष्यांचा बेत त्यांनी न सांगताच रद्द केला. चौथा दिवस, पाचवा दिवस, सकाळी साडेसात ते साडेदहा, स्थळ खड्डा. तीन-तीन तास ते पेपर धरून उभे. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, साइटवर देखरेख का?" शिवणवाल्या काकूंनी वरून सल्ला दिला की पोरीला खड्ड्याचं वेड लागलंय, तिला एकदा आत उतरवा म्हणजे हौस फिटेल. सेक्रेटरी म्हणाले, मुलाला कशाची भीती वाटत नाही हे चांगलं लक्षण नाही, आमच्या भाच्याचं असंच होतं, तो पुढे वकील झाला.

घरातल्या वस्तूही त्याच सुमारास नाहीशा व्हायला लागल्या. आधी बशीतली बिस्किटं. मग हेडक्लार्कांच्या बहिणीने स्वतः विणून पाठवलेला तांबडा मफलर. सहाव्या दिवशी बायको कामावरून आली, पाय शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी शोधायला लागली, तर तीही नाही.

"भिंगरे, पिशवी कुठे आहे?"

"त्याला दिली."

"कोणाला?"

"त्याला थंडी वाजते. तो कधी कधी श्वास सोडायचा थांबतो. मग मी घाबरते. मफलर टाकला, तरी थांबला. म्हणून पिशवी टाकली."

बायकोने भिंगरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिथे उभे होतात ना?"

"मी पेपर वाचत होतो."

"बरं," बायको म्हणाली, आणि नुसतीच पाय वर घेऊन बसली. ते 'बरं' हेडक्लार्कांना रात्रभर टोचलं.

सातव्या दिवशी दुपारी, भिंगरी झोपलेली पाहून, ते मफलर काढायला गेले. दुपारी पोस्टमास्तर झोपतात, काकू मशीनवर असतात, सेक्रेटरी बँकेत असतात, असा सगळा हिशेब त्यांनी केला होता. हातात लांब दांड्याची छत्री, तिच्या मुठीने मफलर ओढायचा, बस. ते पिंपाला धरून वाकले. पिंप रिकामं निघालं. हे काय नव्याने सांगायला हवं का? पाणीखात्याचं पिंप! ते कलंडलं, त्याच्यामागून हेडक्लार्क घसरले आणि उजव्या बाजूच्या उताराच्या चिखलात मांडीपर्यंत रुतून अडकले. मफलर हाताला लागला नाही तो नाहीच, छत्रीही गेली. आणि पिंपाचा आवाज इतका जोरात झाला की पोस्टमास्तर उठले, मशीन थांबली आणि सेक्रेटरी नेमके त्या दिवशी बँकेत गेलेच नव्हते.

"अहो, हेडक्लार्क स्वतः उतरलेत!" पोस्टमास्तर ओरडले. "शेवटी घातलं बरं का वैयक्तिक लक्ष!"

सगळे हसले. काकूंची गिऱ्हाइकंही हसली. दोघांनी हात धरून त्यांना वर ओढलं तेव्हा एक बूट आतच राहिला. एका पायात बूट, एका पायात चिखल अशा अवस्थेत ते तीन जिने चढले. नळाखाली पाय धुताना त्यांना रडू येईल असं वाटलं, पण रडू आलं नाही, राग आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा इतका राग आला. बस्स झालं! हा खड्डा राहील नाहीतर मी राहीन.

आता, खड्डा कसा बुजतो हे हेडक्लार्कांना चांगलं माहीत होतं. बावीस वर्षं ज्याच्या हाताखालून कागद जातात त्याला कुठला कागद पळतो आणि कुठला बसतो हे कळत नाही असं होत नाही. गैरसोय लिहिलं की कागद बसतो. दुर्गंधी लिहिलं की बसतो. 'जीवितास धोका, अ वर्ग, बालक' असं लिहिलं की दोन्ही खाती धावतात, कारण पुढे काही झालं तर सही कोणाची हे शोधलं जातं. फक्त त्याला पुरावा लागतो. कोणतं बालक, किती वेळ, कधीपासून.

पुरावा टेबलावरच होता. जाड पुठ्ठ्याची वही, रकाने आखलेली, तारीखवार.

त्यांनी बैठक मारली आणि आयुष्यातलं सर्वोत्तम टिपण लिहिलं. 'पाच वर्षे वयाची एक बालिका दररोज सकाळी सरासरी दोन तास सदर खड्ड्याच्या कडेला एकटक पाहत बसते. ती खड्ड्यात वाकून बोलते. आतील अज्ञात प्राण्यास थंडी वाजते अशा समजुतीने ती घरातील उबदार वस्तू खड्ड्यात टाकते. त्या टाकण्यासाठी ती कडेच्या अत्यंत जवळ जाते.' खाली वहीतल्या नोंदींच्या प्रमाणित प्रती. एक शब्द खोटा नव्हता. पोटदुखीपेक्षा कितीतरी खरं होतं सगळं.

आठव्या दिवशी भिंगरीला काकूंकडे बसवून, रजेवर असताना ते कचेरीत गेले. कागद हातात घेऊन टेबलामागून टेबल, जिन्यामागून जिना. पाणीखात्याची सही झाली. रस्तेखात्याच्या अभियंत्याने टिपण वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. "उद्याचा दिवस तयारीला द्या," तो म्हणाला. "परवा सकाळी नऊला गाडी येईल." दुपारी एकच्या आत सगळं आटोपलं. हेडक्लार्क घरी आले ते शीळ घालत. येताना पोस्टमास्तरांच्या खिडकीपाशी मुद्दाम थांबले आणि म्हणाले, "परवा." नुसतं एवढंच.

नवव्या दिवशी त्यांना लवकर जाग आली. बायको निघत होती. मन इतकं मोकळं होतं, की भिंगरीने हात ओढल्यावर तिच्याबरोबर ते सव्वासहालाच खाली उतरले. पेपर अजून आला नव्हता. पोस्टमास्तरांची खिडकी बंद होती. कडाक्याची थंडी पडली होती.

"बाबा, आज तरी बस ना. एकदाच. माझ्याएवढा हो."

आज काय हरकत होती? उद्या तर खड्डाच नसणार. हेडक्लार्क गुडघे मोडून, कुरकुरत, दोन पिंपांच्या मधे बसले आणि मान वाकवून भिंगरीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणली.

खालच्या काळोखातून श्वास येत होता. पांढरा, सावकाश, वर येऊन पिंपापाशी विरणारा. थांबायचा. आता नाही येणार असं वाटायचं. मग पुन्हा यायचा. तळाशी, पाइपाच्या वाकणावर, बहिणीचा तांबडा मफलर पडला होता आणि त्याच्यावर रबरी पिशवी.

हेडक्लार्क पाणीखात्यातले होते. गळक्या जोडातून थांबून थांबून पाणी येतं, नळातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतं, त्याची वाफ होते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आणि तरीही, श्वास जरा जास्त वेळ थांबला तेव्हा त्यांनी स्वतःचा श्वास रोखून धरला. तो परत आला तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांच्याही तोंडातून वाफ निघाली.

"दिसला?" भिंगरी कुजबुजली.

"दिसला," ते म्हणाले. इतके दिवस! इतके दिवस ते याच्याकडे पाठ करून उभे होते.

"मग वहीत लिही. आणि त्याला कोणी उठवायचं नाही, असं पण लिही. तुझं लिहिलेलं सगळे ऐकतात ना?"

हेडक्लार्कांना उद्याची गाडी आठवली. ते इतके घाईने उठले की पिंप पुन्हा कलंडलं.

भिंगरीला पुन्हा काकूंकडे बसवून, कचेरी उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. तातडीचा प्रस्ताव मागे घ्यायचाय, ते म्हणाले. खिडकीतल्या कारकुनाने नियमांचं पुस्तक काढलं. अ वर्गाचा प्रस्ताव मागे घ्यायला धोका टळल्याचा दाखला लागतो. धोका टळल्याचा दाखला मिळायला खड्डा बुजल्याचा अहवाल लागतो.

"म्हणजे खड्डा बुजवायचा नसेल तर आधी बुजवावा लागेल?"

"नियम तुम्हीच टाइप केलाय, साहेब. खाली तुमची आद्याक्षरं आहेत."

होतीच. ते अभियंत्याकडे गेले. काय सांगायचं हे वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून वेगळंच आलं. "थंडी संपेपर्यंत थांबता येईल का?"

"का?"

आता काय सांगणार? कोणीतरी झोपलंय म्हणून? बावीस वर्षांची नोकरी होती. "माझं... वैयक्तिक कारण आहे," ते म्हणाले.

अभियंता उठून उभा राहिला, त्याने त्यांचा हात हातात घेतला. "हेडक्लार्क, ती मुलगी तुमचीच ना? मला कळलं होतं. काल मीटिंगमध्ये तुमचं टिपण मी सर्वांसमोर वाचून दाखवलं. अथपासून इतिपर्यंत. मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. काळजी करू नका, गाडी वेळेच्या आधी पाठवतो."

आणि पाठवली. खात्याच्या इतिहासात जे कधी झालं नव्हतं ते झालं. नऊची गाडी साडेआठला आली. दहाव्या दिवशी हेडक्लार्क दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून खाली धावले तेव्हा खडीचा ट्रक मागे-मागे येत होता, रोलर धडधडत होता आणि फाटकात सगळी इमारत जमली होती. त्यांना पाहताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, याला म्हणतात वैयक्तिक लक्ष! पोस्टमास्तर म्हणाले, तारेशिवाय करून दाखवलंत, मानलं. सात महिने ज्या शाबासकीची वाट पाहिली ती हीच होती, आणि ती नेमकी आत्ता, तोंडाला साबण असताना.

"थांबा," हेडक्लार्क मुकादमाला म्हणाले. "दहा मिनिटं थांबा."

"का, साहेब? लहान मूल पडेल म्हणून पळवत आणलंय आम्हाला."

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. "खाली... माझा मफलर आहे," हेडक्लार्क म्हणाले.

मुकादम भला माणूस. त्याने रोलर थांबवला, आकडी लावलेली काठी मागवली, आणि स्वतः वाकून एक-एक वस्तू वर काढली. तांबडा मफलर. रबरी पिशवी. छत्री. एक बूट. प्रत्येक वस्तूला लोक हसत होते. हेडक्लार्कांनी मागे वळून पाहिलं तर काकूंच्या हाताला धरून, रात्रीच्या कपड्यांतच, भिंगरी उभी होती.

"बाबा, त्याचं पांघरूण का काढलं?"

हेडक्लार्क ओला मफलर हातात धरून उभे राहिले. खडी धडाधडा आत पडली. मग माती, मग पुन्हा खडी, मग डांबर, मग रोलर. गळती कोणी पाहिलीसुद्धा नाही, ते प्रस्तावात नव्हतं. अकराच्या आत रस्ता असा सपाट झाला की खड्डा कुठे होता हेही सांगता येईना. भिंगरी रडली नाही. तिने एकदाच विचारलं, "आता तो श्वास कसा घेणार?" हेडक्लार्कांनी ओला मफलर पिळला आणि ते तिला वर घेऊन गेले.

संध्याकाळी बायकोने मफलर धुऊन वाळत घातला. तिला सगळं कळलं होतं. "वहीत काय लिहिलंत?" तिने विचारलं. त्यांनी वही दाखवली. दहाव्या दिवसाचा चौथा रकाना कोरा होता. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'चूक पालकाची.' तिने वही मिटून दप्तरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली, कचेरीही उघडली. हेडक्लार्क इस्त्रीच्या पँटमध्ये, भिंगरी गणवेशात, दोघं फाटकाबाहेर आले. पोस्टमास्तर खिडकीत होते. काकू गॅलरीत होत्या. सेक्रेटरी नव्या डांबरावर अगदी मालकासारखे फेऱ्या मारत होते. भिंगरीने बापाचा हात सोडला, दप्तर बाजूला ठेवलं, बरोबर त्या जागेवर जाऊन उकिडवी बसली, तोंड डांबराजवळ नेलं आणि हाऽऽ केलं. पुन्हा हाऽऽ केलं.

"भिंगरे, काय करतेस?"

"त्याला माझा देतेय थोडा." तिने वर पाहिलं. "बाबा, तू पण ये. माझा पुरत नाहीये."

हेडक्लार्कांनी खिडकीकडे पाहिलं, गॅलरीकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं. मग ते गुडघ्यांवर बसले. डांबर अजून मऊ होतं, दोन्ही गुडघे त्यात चांगले रुतले. त्यांनी तळहात टेकले आणि भिंगरीच्या डोक्याला डोकं लावून, खाली, हाऽऽ केलं.

"काय हेडक्लार्क," पोस्टमास्तर खिडकीतून ओरडले, "डांबर वाळलंय का बघताय?"

"हो," हेडक्लार्क म्हणाले.

"जोरात, बाबा," भिंगरी म्हणाली. "तो खूप खाली आहे."